कोळशाची रेघ आणि आईचे हात

चुलीतला विझलेला कोळसा हाती लागला की लहान मूल भिंत गाठते. चुन्याने पांढऱ्या केलेल्या भिंतीवर एक गोल, त्यात दोन ठिपके, खाली हातापायांच्या काड्या, असा एक माणूस उभा राहतो. आणि घरातील वडील माणसे ओला फडका घेऊन धावतात. चित्रकलेच्या साऱ्या साधनांत इतके स्वस्त आणि इतके क्षणभंगुर साधन दुसरे नाही. फडक्याच्या एका फटकाऱ्याने माणूस नाहीसा होतो. तथापि याच साधनाने काही चित्रकारांनी मनुष्याच्या सुखदुःखाच्या अशा आकृती काढल्या आहेत की, एकदा पाहिल्यावर त्या मनावरून पुसल्या जात नाहीत. जर्मन चित्रकर्त्री केटे कोल्विट्झ यांचे नाव अशा कलावंतांत अग्रभागी घ्यावे लागेल. त्यांच्या रेखाटनांकडे कसे पाहावे हे समजून घ्यावयाचे तर त्यांच्या आयुष्यातील एका निर्णयाची हकीकत ठाऊक असणे आवश्यक आहे. १९१४ च्या ऑगस्टमधील एका संध्याकाळी त्यांनी तो घेतला आणि पुढील तीस वर्षे त्यांची रेघ त्याभोवती फिरत राहिली.

प्रथम साधनाविषयी थोडेसे. चित्रकाराचा कोळसा म्हणजे चुलीतला कोळसा नव्हे. विलो वृक्षाच्या किंवा द्राक्षवेलीच्या बारीक काड्या बंद भांड्यात, हवा लागू न देता भाजल्या म्हणजे त्यांची राख होत नाही. काळ्या, हलक्या, ठिसूळ कांड्या तयार होतात. कांडीचे टोक टेकवले तर बारीक रेघ उमटते. तीच आडवी धरून ओढली तर बोटभर रुंदीचा पट्टा उमटतो. बोटाने चोळले की धुरासारखी छाया पसरते आणि शिळ्या पावाच्या मऊ गराने टिपले की कागदाचा उजेड पुन्हा वर येतो. कागद थोडा खरखरीत असावा लागतो, म्हणजे त्याच्या खाचांत भुकटी धरून राहते. एवढे करूनही तिच्यावर राळेचे पातळ द्रावण फवारले नाही, तर बाहीच्या स्पर्शानेही चित्र बिघडते.

या दुबळेपणामुळेच कोळशाला दीर्घकाळ दुय्यम मान मिळाला. फ्रान्समधील शोव्हे गुहेत ३०,००० वर्षांहून अधिक काळापूर्वी कोळशाने काढलेले घोडे आणि सिंह आजही शाबूत आहेत. पण ती गुहा हजारो वर्षे बंद राहिली म्हणून. युरोपातील चित्रकार पुढे कोळशाचा उपयोग मुख्यतः आराखड्यासाठी करीत. भिंतीवर किंवा फळीवर कोळशाने आकृती मांडावयाची, ती मनासारखी होईपर्यंत पुसावयाची, आणि अखेर तिच्यावर रंग चढवावयाचा. घर उभे राहिल्यावर परांची काढून टाकावी, त्याप्रमाणे कोळसा रंगाखाली गडप होई.

क्वचित कोणी मात्र ती परांचीच जपून ठेवी. न्यूरेम्बर्गचा थोर चित्रकार अल्ब्रेख्ट ड्यूरर याने १५१४ च्या मार्च महिन्यात आपल्या आईचे कोळशाने रेखाटन केले. अठरा बाळंतपणे सोसलेली ती वृद्धा. कपाळावर सुरकुत्यांच्या ओळी, गालफडे बसलेली, मानेच्या शिरा दोरासारख्या वर आलेल्या आणि नजर कोठे तरी दूर लागलेली. पुत्राने तिला सुंदर करण्याचा यत्किंचितही प्रयत्न केला नाही. ही आपली आई, वय ६३, असे त्याने कागदावर लिहून ठेवले. दोनच महिन्यांनी ती निवर्तली, तेव्हा त्याने त्याच कागदावर शाईने तिच्या मृत्यूची नोंद केली. चित्र कोळशाचे आणि मृत्यूची नोंद शाईची, हा भेद ते पाहणाऱ्याच्या सहज लक्षात राहतो. हा कागद आज बर्लिनच्या संग्रहात आहे. आणि त्याच बर्लिन नगरीत केटे कोल्विट्झ यांचे पन्नासांहून अधिक वर्षांचे आयुष्य गेले.

त्यांचा जन्म ८ जुलै १८६७ रोजी पूर्व प्रशियातील क्योनिग्सबर्ग येथे झाला. ते शहर आज कालिनिनग्राड या नावाने रशियात आहे. माहेरचे आडनाव श्मिट. आजोबा युलियुस रुप हे प्रस्थापित चर्चपासून वेगळे होऊन स्वतंत्र धर्ममंडळी स्थापन करणारे निर्भय उपदेशक होते. वडिलांनी कायद्याचे शिक्षण घेतले होते. पण आपल्या मतांना त्या राज्यात थारा नाही हे ओळखून त्यांनी गवंड्याचा व्यवसाय पत्करला. मुलीच्या हातातील गुण याच पित्याने हेरला. त्या काळी जर्मनीतील सरकारी कला अकादमींत मुलींना प्रवेश नव्हता. म्हणून बर्लिन आणि म्युनिक येथील स्त्रियांच्या कलाशाळांत त्यांना शिकावे लागले. माक्स क्लिंगर या चित्रकाराच्या एका छोट्या ग्रंथाने त्यांना दिशा दाखविली. रंगचित्राला जे सांगता येत नाही ते काळ्यापांढऱ्या रेखाटनाला सांगता येते, ती एक स्वतंत्र कला आहे, हा त्याचा आशय. तो त्यांना पटला आणि रंगाचा मार्ग त्यांनी सोडला.

१८९१ मध्ये डॉक्टर कार्ल कोल्विट्झ यांच्याशी विवाह झाल्यावर त्या बर्लिनच्या उत्तर भागातील कामगारवस्तीत राहावयास आल्या. शिंपीकाम करणाऱ्यांच्या आजारफंडाचे कार्ल हे डॉक्टर होते. दवाखाना आणि घर एकाच इमारतीत. औषधासाठी आलेल्या बायका डॉक्टरांच्या पत्नीपाशीही बसत आणि नवऱ्याचे दारूचे व्यसन, गेलेली नोकरी, तापाने फणफणलेले मूल यांची कहाणी सांगत. १८९३ मध्ये कोल्विट्झबाईंनी हाउप्टमान यांचे सायलेशियातील विणकरांच्या १८४४ च्या उठावावरील नाटक पाहिले आणि त्याच विषयावर सहा मुद्राचित्रांची मालिका केली. १८९८ मध्ये ती बर्लिनच्या प्रदर्शनात मांडली गेली, तेव्हा वृद्ध चित्रकार मेन्त्सेल यांनी तिला सुवर्णपदक देण्याची शिफारस केली. कैसर दुसरा विल्हेल्म याने ती फेटाळली. ज्या हातांनी त्याचे साम्राज्य चालत होते, ते हात चित्रात पाहणे त्याला रुचले नसावे.

गरिबांची चित्रे काढणाऱ्या या बाई दयेपोटी ती काढीत असतील, असा समज सहज होतो. त्यांचे स्वतःचे म्हणणे वेगळे होते. त्यांनी आठवणींत नमूद केले आहे की, प्रारंभी कामगारांकडे त्यांना ओढले ते त्यांच्या सौंदर्याने. ओझे वाहणाऱ्या माणसाची चाल, त्याच्या हालचालीतील ऐसपैसपणा त्यांना सुंदर वाटे. त्या जीवनातील दुःखाची ओळख त्यांना नंतर पटली. रसिकाने हा क्रम ध्यानात ठेवावा. ज्याची केवळ कीव येते, त्याच्याकडे मनुष्य फार वेळ पाहू शकत नाही. कोल्विट्झबाई फार वेळ पाहत, आणि म्हणून त्यांच्या आकृतींना वजन आहे.

१९०८ पासून पुढील तीन वर्षांत त्यांनी म्युनिकच्या 'सिम्प्लिसिसिमुस' या साप्ताहिकासाठी काळ्या खडूने व कोळशाने काही चित्रे काढली. त्यांपैकी एकीत एक गरोदर स्त्री डॉक्टरच्या दाराशी उभी आहे. मान खाली गेलेली, दार ठोठावण्यासाठी हात वर आलेला, एवढेच चित्र. खोली नाही, रस्ता नाही, डॉक्टरही नाही. या चित्रापाशी थोडे थांबले म्हणजे अशा रेखाटनांचा आस्वाद घेण्याची रीत उमगते. प्रथम चेहरा शोधू नये. आकृतीचा भार कोणत्या पायावर आहे ते पाहावे. नंतर हात पाहावेत. कोल्विट्झबाईंचे हात नेहमी थोडे मोठे असतात, कष्टाने रुंद झालेले असतात. चेहरा जे झाकतो ते हात सांगून टाकतात. त्यानंतर रेघ कोठे दाबली आहे आणि कोठे सोडून दिली आहे ते पाहावे. जेथे मनाचे ओझे तेथे कोळसा जोरात टेकतो. बाकीचे वस्त्र, केस, पार्श्वभूमी ही दोनचार फटकाऱ्यांत आटोपतात. आणि शेवटी जो कागद कोरा सोडला आहे तोही पाहावा. कोळशाच्या चित्रात उजेड हा काढावा लागत नाही, तो राखावा लागतो.

भावदर्शी रेखाटन म्हणजे घाईचे, ओबडधोबड रेखाटन, असे पुष्कळांना वाटते. ज्याला हाड कोठे वळते आणि स्नायू कोठे ताणतो हे ठाऊक नाही, त्याची घाई उघडी पडते. ज्याने ते वर्षानुवर्षे घोटले आहे, त्यालाच काय गाळावे हे कळते. कोल्विट्झबाईंनी हे ज्ञान स्वतःच्या देहावरून मिळविले. त्यांनी आयुष्यात शंभराहून अधिक आत्मचित्रे काढली. १९०३ मध्ये 'मृत मुलासह स्त्री' हे मुद्राचित्र करताना सात वर्षांच्या धाकट्या मुलाला, पेटरला, त्यांनी मांडीवर घेतले आणि आरशात पाहून रेखाटन केले. ते श्रम असह्य होऊन त्यांच्या तोंडून कण्हणे बाहेर पडले, तेव्हा मांडीवरच्या पेटरने, काळजी करू नकोस, चित्र सुंदर होईल, अशा अर्थाचे सांत्वन केले. चित्रातील ती आई मुलाच्या छातीत तोंड खुपसून, एखाद्या जनावराने पिलाला कवटाळावे तशी बसली आहे. आज ते चित्र पाहताना पुढे काय घडले हे विसरता येत नाही.

पुढे घडले ते असे. १९१४ च्या ऑगस्टमध्ये महायुद्ध सुरू झाले. पेटर तेव्हा अठरा वर्षांचा होता. स्वयंसैनिक म्हणून नाव नोंदवावे अशी त्याची इच्छा. पण वय लहान असल्याने पित्याची संमती हवी होती. १० ऑगस्टच्या संध्याकाळी कार्लनी विरोध केला. देशाला अजून तुझी गरज नाही, अन्यथा तुला बोलावणे आलेच असते, असा त्यांचा युक्तिवाद. मुलाने आईकडे पाहिले. आई उठली आणि तिने पतीची मनधरणी केली. संमती मिळाली. ऑक्टोबरमध्ये पेटर आघाडीवर गेला. २२ तारखेच्या सुमारास बेल्जममधील डिक्स्माउड येथे तो पडला आणि महिना संपण्यापूर्वी ती वार्ता बर्लिनला आली.

ही हकीकत कोल्विट्झबाईंनी दैनंदिनीत लिहून ठेवली आहे. दोष युद्धावर, कैसरवर किंवा नशिबावर ढकलून त्या मोकळ्या झाल्या नाहीत. मुलगा ज्या ध्येयासाठी गेला ते खोटे म्हणावे तर त्याचे मरण व्यर्थ ठरते. खरे म्हणावे तर इतर आयांची मुलेही तशीच जावीत असे म्हणावे लागते. या कात्रीत त्या चार वर्षे होत्या. १९१८ च्या ऑक्टोबरमध्ये कवी रिखार्ड डेमेल यांनी आणखी स्वयंसैनिकांनी पुढे यावे असे आवाहन केले, तेव्हा त्यांनी वृत्तपत्रात उघड उत्तर दिले की, मरणे पुरे झाले. कात्री सुटली होती. निर्णय मात्र मागे घेता येत नव्हता.

पेटरचे स्मारक करावे हा विचार १९१४ च्या डिसेंबरमध्येच त्यांच्या मनात आला. मूळ कल्पनेत मुलगा आडवा पडलेला आणि मायबाप त्याच्याजवळ, अशी मांडणी होती. पाच वर्षे काम करून १९१९ मध्ये त्यांनी ते सोडून दिले. काही वर्षांनी पुन्हा हाती घेतले. १९३२ मध्ये, म्हणजे अठरा वर्षांनी, ते बेल्जममधील त्या दफनभूमीत उभे राहिले, तेव्हा त्यात मुलगा नव्हता. दगडाच्या दोन आकृती गुडघे टेकून बसल्या आहेत. बाप ताठ आहे. त्याने दोन्ही हात छातीशी घट्ट आवळून धरले आहेत. आई पुढे वाकली आहे, मान खाली घातलेली. दोघे वेगवेगळ्या चौथऱ्यांवर आहेत. एकाच शोकाने त्यांना जवळ आणलेले नाही. कोळशाच्या चित्रकाराला पुसण्याची सवय असते. येथे त्यांनी स्वतःच्या मुलाची आकृतीच पुसली. मग जो उरला तो केवळ वाकलेल्या पाठीचा आणि आवळलेल्या हातांचा भार. १९५० नंतरच्या दशकात ती दफनभूमी व्लाड्सलो येथे हलविण्यात आली. २५,००० हून अधिक जर्मन सैनिक तेथे विसावले आहेत, आणि पेटरच्या नावाची शिळा त्या दोन मूर्तींच्या पुढ्यातच आहे.

प्रशियाच्या कला अकादमीने १९१९ मध्ये त्यांना सभासद करून घेतले होते. हा मान मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री होत. १९३३ च्या फेब्रुवारीत, हिटलरविरुद्ध डाव्या पक्षांनी एकजूट करावी अशा आवाहनावर सही केल्याबद्दल त्यांना अकादमीतून बाहेर पडावे लागले. त्याच वर्षी त्यांनी कोळशाने स्वतःचे एक चित्र काढले. ते आज वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय कलासंग्रहात आहे. कागद सुमारे ४८ सेंटिमीटर उंच आणि ६३ सेंटिमीटर रुंद. एका बाजूने दिसणारा वृद्ध चेहरा, पुढे लांबविलेला हात, बोटांत कोळशाची कांडी. चेहरा जपून, छाया चोळून काढला आहे. बोटेही ओळखू येतात. परंतु खांद्यापासून मनगटापर्यंतचा हात मात्र काढलेलाच नाही म्हणावा. तेथे आडव्या धरलेल्या कांडीचे जोरदार, नागमोडी, खालीवर धावणारे फटकारे आहेत. शरीरशास्त्राच्या दृष्टीने तो हात नव्हे. पण डोळ्यांनी पाहिलेले बोटांपर्यंत ज्या वेगाने पोहोचते, तो वेग तेथे आहे. अकादमीचे दार बंद झाले, प्रदर्शनांची दारे बंद होत चालली. पण डोळा आणि बोटे यांमधील वाट कोणाला बंद करता येत नाही, हे वाचण्यासाठी त्या चित्राला वेगळ्या मथळ्याची आवश्यकता नाही.

१९३६ मध्ये गुप्त पोलीस घरी येऊन छळछावणीची धमकी देऊन गेले. तरीही काम थांबले नाही. १९३७–३८ मध्ये त्यांनी मृत पुत्राला घेतलेल्या मातेची एक छोटी मूर्ती घडविली. गोव्यातील चर्चमधून व्याकुळ मरियेची मूर्ती पाहिलेल्या माणसाला हा विषय अपरिचित नाही. मायकेलँजेलोच्या रोममधील जगप्रसिद्ध शिल्पात माता तरुण आहे, आणि पुत्र तिच्या मांडीवर जगाला दिसावा असा आडवा ठेवलेला आहे. कोल्विट्झबाईंची माता म्हातारी आहे. पुत्र तिच्या दोन गुडघ्यांच्या मध्ये, पुन्हा गर्भात शिरावा तसा अंग आखडून बसलेला आहे. आपली मूर्ती धार्मिक अर्थाची नाही, असे त्यांनीच म्हटले होते. तरी तिच्यापुढे श्रद्धाळू मनुष्याचेही हात आपोआप जुळतील.

दुसरे महायुद्ध सुरू झाले. १९४० मध्ये कार्ल वारले. १९४१ च्या अखेरीस, वयाच्या ७४ व्या वर्षी, कोल्विट्झबाईंनी आपले शेवटचे शिळाछाप चित्र काढावयास घेतले. दगडावर तेलकट खडूने रेखाटून त्यावरून छाप घेण्याची ही पद्धत. कोळशाच्या हाताला ती जवळची वाटते. चित्राचे नाव 'बियाण्याचे धान्य दळू नये'. हे नाव गटेच्या कादंबरीतून घेतलेले असून डेमेल यांना दिलेल्या उत्तरातही त्यांनी त्याचाच आधार घेतला होता. पेरणीसाठी राखलेली कणगी उपासमारीतही फोडावयाची नसते, हे आपल्या शेतकऱ्याला वेगळे सांगावयास नको. चित्रात एक वृद्ध स्त्री दोन्ही हात पसरून उभी आहे. तिच्या पदराखाली तीन मुलगे आहेत. ती भेदरलेली नाहीत. बाहेर डोकावत आहेत, त्यांना निसटून जावयाचे आहे. आणि तिचे ते प्रचंड हात त्यांना दाबून धरीत आहेत.

१९१४ च्या त्या संध्याकाळी जे हात मुलाच्या बाजूने पुढे झाले होते, तेच येथे आडवे आले आहेत. सत्तावीस वर्षांनी. या चित्राचे सारे मर्म त्या हातांत आहे. पुढच्याच वर्षी, १९४२ मध्ये, त्यांचा नातू रशियाच्या आघाडीवर पडला. त्याचेही नाव पेटर होते.

१९४३ च्या नोव्हेंबरमध्ये बाँबहल्ल्यात बर्लिनचे ते जुने घर जळाले आणि कितीतरी चित्रे नष्ट झाली. २२ एप्रिल १९४५ रोजी, युरोपातील युद्ध संपण्यास दोन आठवडे उरले असता, ड्रेस्डेनजवळच्या मोरित्सबुर्ग येथे केटे कोल्विट्झ यांनी देह ठेवला. त्यांच्या बर्लिनमधील रस्त्याला आज त्यांचे नाव आहे.

एखाद्या प्रदर्शनात किंवा पुस्तकात कोळशाची आकृती समोर आली म्हणजे आपण बहुधा ती कोणासारखी दिसते एवढेच पाहून पान उलटतो. त्याऐवजी घटकाभर थांबावे. भार कोठे आहे, हात काय करीत आहेत, रेघ कोठे दाबली आणि कोठे सोडली, हे पाहावे. कोळशाच्या कांडीला पुष्कळ गोष्टी पुसता येतात. कोल्विट्झबाईंना जे पुसता आले नाही तेच त्यांनी काढले, आणि म्हणूनच बोटाच्या स्पर्शाने बिघडणारी ती रेघ अजून टिकून आहे.